वाट्याने लावलेली वेल

फोन आला तेव्हा मी माझ्या नातीची, रेवाची, पाळणाघराची पिशवी भरत होते. टॉवेल, कपड्यांचा जादा जोड, पाण्याची बाटली, सगळ्यावर तिचं नाव जपानी अक्षरांत. अनघा, माझी सून, ऑफिसला निघण्याच्या घाईत होती. एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात फोन. सांगलीहून तिच्या चुलतभावाचा फोन होता. "बोल रे दादा," एवढं ती म्हणाली आणि पुढे नुसती ऐकत राहिली. मग फोन ठेवून, माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हणाली, "आई गेली." झोपेतच गेल्या होत्या. तिकडे अजून धड उजाडलंही नव्हतं...

म्हणजे माझ्या विहीणबाई, प्रमिलाबाई, गेल्या. दुपारपर्यंत माझ्या मुलाने, मंदारने, तिकीट काढलं आणि तो अनघाला विमानतळावर पोचवायला गेला. मी मागे राहिले, कारण कुणीतरी मागे राहायला हवं होतं. रेवाला आणायचं होतं, भात लावायचा होता, जाळायच्या कचऱ्याची पिशवी सकाळी खाली न्यायची राहून गेली होती आणि ती भर उन्हाळ्यात स्वयंपाकघरात वास मारत होती. विहीण गेल्यावर माणसाने निदान घटकाभर एका जागी बसावं की नाही? पण तोक्योतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात म्हाताऱ्या माणसाला बसायला बोलावलेलं नसतं, कामाला बोलावलेलं असतं. आता काही आठवडे लोटलेत. इतक्या दिवसांत मी रडले नाही याचं मलाच नवल वाटतं. थकवा मात्र आहे, भरपूर आहे.

आमची व्यवस्था आधी सांगायला हवी. मंदार आणि अनघा दोघंही सॉफ्टवेअरमधले. जपानी कंपन्यांची कामं पुण्या-मुंबईच्या पोरांना धडाधड मिळायला लागली, त्या लाटेत हे दोघं इकडे आले आणि सगळे भारतीय राहतात म्हणून तोक्योतल्या निशी-कसाईला राहिले. रेवा झाली, अनघाची रजा संपली, आणि घरोघरी जे झालं तेच आमच्याकडेही झालं. आज्यांना बोलावणं आलं. व्हिसा पाहुण्यांचा, तीन महिन्यांचा. म्हणून मग मी तीन महिने, विहीणबाई तीन महिने, पुन्हा मी, पुन्हा त्या. थंडी आणि भर उन्हाळा माझ्या वाट्याला. वसंत आणि पानगळ, म्हणजे या देशातले दोन्ही चांगले ऋतू, त्यांच्याकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं, पहिल्या वर्षी तसं पडलं आणि मग तसंच चालू राहिलं. बागेत बाकावर बसलं की अशाच पाच-सहा जणी भेटायच्या, कुणी कोथरूडची, कुणी डोंबिवलीची, सगळ्यांच्या मांडीवर जपानी बोलणारी नातवंडं.

म्हणजे प्रमिलाबाईंना मी किती ओळखत होते? खरं सांगायचं तर दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या तुकड्यांत. एक उतरायची, दुसरी निघायची, त्या मधल्या दिवसांत आम्ही एकमेकींना चार्ज द्यायचो. कुठला कचरा कुठल्या वारी, रेवा हल्ली काय खाते, गिझरचं कुठलं बटण दाबायचं नाही. बाकी ओळख मागे राहिलेल्या स्वयंपाकघरावरून. मी आले की डबे चकाचक घासलेले, फडकी चौकोनी घड्यांत. मी काही तेवढी टापटिपीची नाही, त्यामुळे त्या चौकोनी घड्या मला टोमण्यासारख्या वाटायच्या. लग्नातही असंच झालं होतं. त्यांनी आमचा इतका मानपान केला की मी वैतागले. मला पाय धुवून घ्यायची हौस नव्हती, पण त्यांना धुवायचे होते. नवरा अनघा शाळेत असतानाच गेलेला, एकटीने शिक्षिकेची नोकरी करून मुलगी इंजिनिअर केलेली बाई, आणि माझ्यासारखीपुढे वाकून उभी. मला ते बघवेना.

या घरात त्यांचं एक वेगळंच चालायचं. त्यांचं खाणं निराळं होतं. येताना सांगलीहून ज्वारीचं पीठ, डाळी, गूळ, चहाची पूड, चटण्या असं सगळं घेऊन यायच्या आणि तीन महिने तेवढ्यावरच काढायच्या. सगळ्यांना करून वाढायच्या पोळ्या, भाज्या, वरणभात. स्वतःच्या पानात भाकरी, चटणी, नाहीतर पिठलं. चहासुद्धा कोरा. "माझं पथ्य आहे, मंदारराव," असं त्यांनी जावयाला सांगून ठेवलं होतं आणि माझ्या मुलाने ते मुकाट्याने मान्य केलं होतं. पुरुषांना पथ्य म्हटलं की पुढे काही विचारावंसं वाटत नाही. अनघाला खरं माहीत होतं. एकदा ती माझ्याजवळ रडली. "आई इथलं काही खात नाही हो. जावयाच्या घरचं खायचं नाही म्हणते. मी कमावते, तरी हे घर माझं नाहीच का?" मी म्हटलं, "अगं, जुनी माणसं." म्हणाले खरी, पण माझं वय त्यांच्याहून एका वर्षाने जास्तच होतं.

ती वेल घरात आली ती एका हिवाळ्याच्या तोंडाशी, त्यांच्याच खेपेत. स्टेशनजवळच्या दुकानातून अनघाने लहान बटाटे समजून जाळीची एक पिशवी आणली. निघाले कसले तरी कंद, बोराएवढे, काही लिंबाएवढे, खरखरीत तपकिरी सालीचे, आणि सगळे एकाच बारीक मुळीत ओवल्यासारखे. पिशवीवर जपानीत 'आपिओसु', म्हणजे आपिओस, असं लिहिलं होतं. मंदारने कॉम्प्युटरवर शोधलं. मूळची उत्तर अमेरिकेतली वेल, तिथल्या मूळ रहिवाशांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं खाणं. जमिनीखालचे कंद खातात आणि वर शेंगा धरल्या तर त्यातल्या बियाही शिजवून खातात. जपानच्या उत्तरेला ती म्हणे सफरचंदाच्या रोपांबरोबर चुकून आली आणि राहिली. सालीसकट उकडायचे आणि सोलायचे. चव रताळं आणि उकडलेला शेंगदाणा यांच्या मधली. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. विहीणबाईंनी अर्थातच खाल्ले नाहीत. मात्र खाली उरलेले चार-दोन बारके कंद त्यांनी गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत पुरले आणि मला चार्ज देताना म्हणाल्या, "पाणी फार घालू नका हं. नुसती ओल राहू दे."

मी पूर्ण हिवाळाभर मातीला पाणी घातलं. मातीलाच, कारण वर दिसायला काहीही नव्हतं. शेजारीण बघत असेल तर तिला काय वाटत असेल, असंही मनात यायचं. पण मी पुन्हा उन्हाळ्यात आले तेव्हा गॅलरीचा गज न्‌ गज वेलीने झाकून टाकला होता आणि पानांच्या बेचक्यांत गुलाबी-तपकिरी रंगाच्या फुलांचे घोस लागले होते. वास गोडसर. सांगलीला फोन केला की पहिला प्रश्न वेलीचा. "फुलं तोडू नका हं. शेंगा धरतील." शेंगा काही धरत नव्हत्या. या जातीला इथे शेंगा क्वचितच धरतात, हे मंदारने वाचून सांगितलं होतं, पण त्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. त्यांचा हिशेब सरळ होता. कंद म्हणजे भाजी, शेंगा म्हणजे आमटी. पीठ त्यांच्याजवळ होतंच. पानगळ झाली, वेल वाळली की त्या कुंडी उकरायच्या, लागेल तसे कंद काढायच्या आणि स्वतःपुरते उकडून भाकरीशी खायच्या. इतक्या वर्षांत त्या घरात त्यांच्या पानात पडलेलं ताजं असं तेवढंच.

त्यावरून एकदा आमची फोनवर जुंपली. उद्या एकादशी आहे, आपिओस उपासाला चालेल का, हे त्यांनी मला विचारलं. त्या तिकडे तोक्योत, मी पुण्यात. मी म्हटलं, अमेरिकेतल्या वेलीला आपली एकादशी काय ठाऊक? त्या गंभीरपणे म्हणाल्या, "कंद आहे ना? मग चालतो. शेंगा आल्या तर त्या नाही चालायच्या." मी म्हटलं, "शेंगदाणा कसा चालतो मग?" त्या म्हणाल्या, "शेंगदाण्याची गोष्ट वेगळी आहे की हो, विहीणबाई!" काय वेगळी, ते मात्र सांगितलं नाही. पुढे बागेतल्या सगळ्या आज्यांमध्ये ही गोष्ट पसरली आणि निशी-कसाईत आपिओस उपासाच्या पदार्थांत जाऊन बसला. एकीने त्याचा कीसही करून पाहिला. चीक निघून किसणीला असा काही चिकटला की किसणी टाकून द्यावी लागली.

मग तो मार्च आला. रेवाला आणायला जाताना मी घसरले आणि घोट्याचं हाड मोडलं. माझी मुदत संपायला अजून दोन-तीन आठवडे होते. विहीणबाईंनी तिकीट अलीकडचं करून घेतलं आणि त्या लवकर आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही दोघी एका घरात इतके दिवस राहिलो. सकाळी सगळे बाहेर पडले की घरात फक्त आम्ही. मी पाय उशीवर टाकून पडलेली, त्या स्वयंपाकघरात. मला आयतं खायची सवय नाही, त्यामुळे मी सारखी कुरकुरत होते आणि त्या कानाआड करत होत्या. एके दिवशी गॅलरीत खुरपण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने उकडलेले, सोललेले कंद ताटलीत आले, वर तूप आणि मीठ. त्यांच्या कुंडीतले. मी चार खाल्ले, आणि मग माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "मी तुमचं खातेय बघा. तुम्ही माझ्या मुलाचं का खात नाही?"

त्या खाली सतरंजीवर बसल्या. आधी म्हणाल्या, पथ्य. मी म्हटलं, मला नका सांगू. मग पदराचं टोक सारखं करत करत बोलल्या. अनघा पोटात असताना त्यांचे वडील त्यांना बघायला आले होते, खेड्यातून, एसटीने. दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगतीत भात दुसऱ्यांदा वाढून घेताना घरातलं कुणीतरी हसत म्हणालं, जावयाच्या घरचा भात गोड लागतोय वाटतं. "तेवढंच हो. थट्टाच होती. सगळे हसले, वडीलही हसले. आणि मला म्हणाले, बास गं, मला भूक नाही. पोटभर जेवले नाहीत. संध्याकाळची गाडी होती, ते दुपारच्याच गाडीने गेले. मी वाढायला उभी होते, हातात भाताचं पातेलं..." पुन्हा ते लेकीच्या घरी कधी जेवले नाहीत. "इथे मंदाररावांनी मला कधी वाकडं म्हटलेलं नाही. सोन्यासारखा जावई आहे. पण घास घ्यायला गेले की ते पातेलं आठवतं. काय करू?"

  माझा स्वभाव असा की वाईट वाटलं की मी भांडायला लागते. मी म्हटलं, "बरं. पण ही कुंडी कुणाच्या गॅलरीत आहे? माझ्या मुलाच्या. हिवाळाभर, उन्हाळाभर पाणी कोण घालतं? मी. म्हणजे ही वेल निम्मी माझी. इतकी वर्षं तुम्ही वरपक्षाचंच खात होतात, विहीणबाई!"  क्षणभर मला वाटलं, झालं, आता ही बाई कंदही सोडणार आणि नुसत्या चटणीवर राहणार. त्या उठून आत गेल्या. दोन दिवस वेलीचा विषय नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पायाची पट्टी सारखी करता करता म्हणाल्या, "मी विचार केला. तुमचं बरोबर आहे. आपण ही कुंडी वाट्यानं करायची. आमच्याकडे जमीन एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे असले की करतात, तसं. कंद माझे, वरची फुलं आणि शेंगा तुमच्या."

"म्हणजे जे कधी येतच नाही ते माझं!" मी म्हटलं. तेव्हा त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. खालचा एक दात पडलेला होता, तोही तेव्हाच कळला.

शेवटी निम्मे कंद माझे ठरले. आणि माझ्या वाट्याच्या कंदांऐवजी मी त्यांना घरातलं काहीही खायला देऊ शकते, हेही ठरलं. वाटेकऱ्याकडून घेतलेलं म्हणजे जावयाचं नव्हे. त्या दुपारी मी माझ्या वाट्यातून त्यांना वरणभात वाढला. लंगडत उठून, स्वतः. त्या खाली मान घालून जेवल्या. त्यानंतर त्यांच्या खेपेत मी पुण्याहून फोन करायचे, "आज माझ्या वाट्याची पोळी-भाजी घेतलीत का?" आणि त्या "घेतली हो" म्हणायच्या. अनघा सांगायची की खरंच घ्यायच्या, थोडं थोडं. पण अनघाने वाढलं तर, तेही मंदार घरी नसताना. आपणहून पातेल्याला हात लावला, कुणाकडे काही मागितलं, असं कधी झालं नाही. पीठ आणि डाळी आणणंही थांबलं नाही. मीही पुढे ताणलं नाही. तेवढ्यावर समाधान मानलं.

शेवटची भेट यंदाच्या जूनअखेरची. मी उतरले तेव्हा त्या फार थकलेल्या दिसल्या. दोन मजले चढताना मध्ये थांबत होत्या. चार्ज देताना म्हणाल्या, "पुढच्या खेपेचं सांगता येत नाही. आता बॅग उचलवत नाही." मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. म्हणाल्या, "सांगलीत दाखवीन. इथे आजारी पडून चालत नाही." ते खरं होतं. आम्हा दोघींनाही ते पक्कं ठाऊक होतं. या देशात आम्ही पोर सांभाळायला चालतो, आजारी पडायला चालत नाही. मुदत संपली की निघायचं, मग घोटा मोडलेला असो की छातीत दुखत असो. मुलांना आम्ही हव्या असतो, मुलांचा काही दोष नाही, आणि तरी चिडून कुणावर तरी ओरडावंसं वाटतं. कुणावर ते कळत नाही. त्या गेल्या तेव्हा रेवा पाळणाघरात होती. निरोपाला मी एकटीच खाली उतरले. बस वळेपर्यंत आम्ही हात हलवत होतो. दोन दमलेल्या बायका, दुसरं काही नाही.

परवा अनघा सांगलीहून परतली. दिवस सगळे झाले, घर आवरून आली. रेवाने तिला दारातच विचारलं, "सांगली-बाचान इत्सु कुरु?" सांगलीची आजी कधी येणार? आम्ही तिला सांगितलं होतं, पण तिच्या हिशेबाने ऑक्टोबर आला की सांगलीची आजी येते. अनघाने तिला मांडीवर घेतलं आणि मराठीतच काही सांगत बसली. वेल आता भरात आहे. शेंग अर्थातच एकही नाही. महिनाअखेर माझी मुदत संपते आणि चार्ज घ्यायला कुणी येणार नाही.

रविवारी आम्ही तिघं तेच बोलत बसलो होतो. अनघा नोकरी सोडायचं म्हणत होती, मंदार नको म्हणत होता. ती रेवाला आंघोळ घालायला गेली, तेव्हा मंदार मला म्हणाला, "आई, त्यांचं ते पथ्य शेवटी सुटलं होतं का?"

"का रे?"

"जूनमध्ये मी तापाने घरी होतो ना, तेव्हा दुपारी त्या खोलीतून बाहेर आल्या. म्हणाल्या, मंदारराव, मला भूक लागलीय. काही असलं तर द्या."

 "अशा म्हणाल्या? तुला?"

"हो. मी म्हटलं, तुमच्या पथ्याचं घरात काही दिसत नाही. तर म्हणाल्या, असेल ते चालेल."

"मग तू काय दिलंस?"

"मला काय येतं? पाव भाजला, लोणी लावलं. आणि दूध दिलं. ते खाल्लं, आणि म्हणाल्या, अजून एक द्या." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो घाबरलाच. "आई? अगं, काय झालं? नुसता पाव तर होता."

 मी पदर तोंडाला लावला आणि त्याला हातानेच खूण केली, सांग, परत सांग, पहिल्यापासून. तो बिचारा गोंधळून माझ्या शेजारी बसला आणि पुन्हा सांगू लागला.